न पाहिलेल्या मालाचा लिलाव

सांगलीच्या बाजार आवारात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदार प्रथम पोत्याजवळ जातो. मूठभर हळकुंडे हातात घेतो, त्यांतील एक मोडून आतील रंग पाहतो, वास घेतो, ओलावा किती आहे याचा अंदाज बांधतो आणि मगच बोलीला उभा राहतो. माल समोर असतो, अडत्या ओळखीचा असतो आणि शेजारी उभे राहून बोली चढवणारा व्यापारीही वर्षानुवर्षांच्या परिचयातला असतो. एके काळी अनेक पेठांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. त्या गुप्ततेत गैरप्रकारांना वाव होता, म्हणून पुढे उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. पद्धत बदलली, तरी पारख, परिचय आणि शब्दाची किंमत या तीन गोष्टी बाजाराच्या मुळाशी कायम राहिल्या.

ऑनलाइन लिलावात या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात. तेथे मालाच्या जागी छायाचित्र असते आणि विक्रेत्याच्या जागी एक टोपणनाव. शेजारी बोली लावणारा माणूस कोण, किंबहुना तो खरोखर माणूस आहे की नाही, हेही कळत नाही. तरीसुद्धा गेल्या तीन दशकांत अशा लिलावांतून जुनी नाणी, तिकिटे, घड्याळे, यंत्रसामग्री, दागिने आणि मोटारी यांची प्रचंड उलाढाल झाली. परक्या माणसाने परक्या माणसाला आगाऊ पैसे पाठवावेत आणि माल येईल अशी खात्री बाळगावी, हा विश्वास कशावर उभा राहिला आणि त्याला तडे कोठे गेले, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे.

मोडक्या वस्तूपासून प्रारंभ

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिद्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. हेच पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. त्यावर विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंत एक मोडका लेसर पॉइंटर होता. १४.८३ डॉलरला तो घेणाऱ्या माणसाला वस्तू मोडकी असल्याचे स्पष्ट कळवण्यात आले, तेव्हा मोडके लेसर पॉइंटर जमवण्याचाच आपला छंद असल्याचे त्याने सांगितले. या लहानशा व्यवहारात ऑनलाइन बाजाराचे बळ दिसून येते. गावच्या पेठेत ज्या वस्तूला गिऱ्हाईक मिळणार नाही, तिला जगाच्या दुसऱ्या टोकाला ते मिळू शकते. मात्र वस्तूतील दोष विक्रेत्याने आधी सांगितला पाहिजे, हेही याच व्यवहारात आले.

दोष लपवला जातो तेव्हा काय घडते, याचे उत्तर अर्थशास्त्राने ईबेच्या जन्मापूर्वीच देऊन ठेवले होते. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मध्यम प्रतीचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब माल उरतो. या कार्याबद्दल अकर्लॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भेसळीच्या तुपाने चांगल्या तुपाचा भाव पडलेला पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हा सिद्धान्त वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अभिप्रायांची पत

या अडचणीवर तोडगा म्हणून ईबेने १९९६ मध्ये परस्पर अभिप्रायांची पद्धत आणली. व्यवहार पुरा झाला की खरेदीदाराने विक्रेत्याबद्दल आणि विक्रेत्याने खरेदीदाराबद्दल चांगला, वाईट किंवा तटस्थ शेरा द्यावयाचा आणि तो सर्वांना दिसावयाचा. पेढीची पत जशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोख व्यवहारातून उभी राहते, तशी ही आकड्यांतील पत होती. तिला पैशांत मोलही होते. पॉल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांवर एक प्रयोग केला. सारख्याच प्रतीची कार्डे एका नावाजलेल्या विक्रेत्याच्या जुन्या खात्यावरून आणि त्याच्याच नव्या, अनोळखी खात्यांवरून विकली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुन्या खात्याला सुमारे ८ टक्के अधिक भाव मिळाल्याचे आढळले. माल तोच आणि माणूसही तोच असल्यामुळे हा फरक निव्वळ नावाचा होता.

परंतु दोन्ही बाजूंनी शेरा देण्याच्या या पद्धतीत एक दोष लपलेला होता. खरेदीदाराने वाईट शेरा दिला, की विक्रेताही सूड म्हणून त्याला वाईट शेरा देई. या भीतीने नाराज ग्राहक गप्प बसू लागले. परिणामी जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याच्या नावापुढे शंभराच्या आसपास टक्केवारी झळकू लागली आणि आकड्याचा अर्थच क्षीण झाला. ज्या गावात कोणीच कोणाला नावे ठेवीत नाही, त्या गावात सज्जन ओळखावा कसा?

अखेर मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल प्रतिकूल शेरा देण्यास बंदी केली. ग्राहकाची भीती गेली, पण पारडे दुसरीकडे झुकले. “पूर्ण पैसे परत कर, नाही तर वाईट शेरा देतो,” अशी धमकी ऐकावी लागते, अशी प्रामाणिक विक्रेत्यांची तक्रार सुरू झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत बदललेल्या शुल्कांविरुद्ध आणि या नियमाविरुद्ध अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडण्याचे आवाहन केले होते. ही तक्रार आजही मिटलेली नाही. वस्तू फुटकी आली असे सांगून नव्या वस्तूऐवजी जुनीच परत पाठवणारा ग्राहक आणि रिकामे खोके आले असे सांगणारा ग्राहक प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याला कधी ना कधी भेटतो. विश्वास हा दोन्ही बाजूंचा असावा लागतो. त्याची जबाबदारी एकाच बाजूवर टाकणारा नियम दुसऱ्या बाजूला मोह घालतो.

चढवलेली बोली

लिलावाचा प्राण म्हणजे खरी बोली. ईबेच्या पद्धतीत खरेदीदार आपली कमाल मर्यादा यंत्राला सांगून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली चढवते. एकाची मर्यादा ५,००० रुपये आणि दुसऱ्याची ३,००० असेल, तर पहिल्याला वस्तू ३,००० रुपयांहून थोड्या अधिक किमतीला मिळते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याच्या या कल्पनेचे शास्त्रीय विवेचन विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये केले होते. या पद्धतीत ग्राहकाने खरी मर्यादा सांगावी, त्यात त्याचे नुकसान नाही, असा तिचा गुण आहे.

हा गुण एका अटीवर टिकतो. दुसरी बोलीही खरी असली पाहिजे. विक्रेत्यानेच दुसऱ्या नावाने, किंवा मित्राकरवी, ४,८०० ची खोटी बोली लावली, तर पहिल्या ग्राहकाचे सुमारे १,८०० रुपये विनाकारण जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मे २००० मधील एका प्रकरणाने हा धोका जगापुढे आणला. रिचर्ड डायबेनकॉर्न या विख्यात अमेरिकन चित्रकाराची शैली आणि आद्याक्षरे मिरवणारे एक चित्र ईबेवर २५ सेंट या आरंभीच्या बोलीने मांडण्यात आले. विक्रेत्याने चित्रकाराचे नाव कोठेही घेतले नाही. घरातील अडगळ विकणाऱ्या साध्या गृहस्थाचा त्याने आव आणला. बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत पोहोचली. विक्रेत्याने स्वतःच त्या वस्तूवर बोली लावल्याचे उघड झाल्यावर कंपनीने विक्री रद्द केली. तपासात असे दिसले की, हा ‘साधा गृहस्थ’ पेशाने वकील होता आणि त्याने साथीदारांसह अनेक खोट्या नावांनी परस्परांच्या वस्तूंवर बोली चढवण्याचा उद्योग चालवला होता. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

याच्या उलट जातीची लबाडी खरेदीदारांकडूनही होते. एकजण लहान बोली लावतो, त्याचा साथीदार अवाच्या सव्वा बोली लावून इतरांना पळवून लावतो आणि अखेरच्या क्षणी ती मोठी बोली मागे घेतो. वस्तू मग लहान बोलीवर पहिल्याच्या पदरात पडते. म्हणून बोली मागे घेण्यावर कडक निर्बंध नसलेल्या लिलावात शहाण्या विक्रेत्याने माल ठेवू नये.

पहारेकऱ्याचे कर्तव्य

जेथे लाखो वस्तू रोज मांडल्या जातात, तेथे देखरेख करावयाची कोणी? सप्टेंबर १९९९ मध्ये ईबेवर चक्क मानवी मूत्रपिंड विक्रीस मांडले गेले आणि कंपनीने ते काढून टाकेपर्यंत बोली ५७ लाख डॉलरवर गेली होती. बोली बहुधा थट्टेची असली, तरी पहारा किती तोकडा आहे हे त्यातून दिसले. “आम्ही केवळ जागा देतो, माल आमचा नव्हे,” अशी संकेतस्थळांची भूमिका आरंभापासून राहिली आहे. तिच्याबद्दल न्यायालयांचेही एकमत नव्हते. जून २००८ मध्ये पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने बनावट मालाच्या विक्रीबद्दल ईबेला सुमारे ४ कोटी युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम पुढे अपिलात बरीच कमी झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, दागिन्यांच्या टिफनी या पेढीने भरलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ईबेच्या बाजूने निकाल दिला. बनावट वस्तूची नेमकी सूचना मिळताच ती काढणे एवढीच संकेतस्थळाची जबाबदारी, शोध घेणे हे नाममुद्रेच्या मालकाचे काम, असा त्याचा आशय होता.

भारताला हा प्रश्न २००४ मध्ये भिडला. मुंबईत सुरू झालेली ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलाव कंपनी त्याच वर्षी ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली होती. तिच्यावर कोणी एकाने अश्लील चित्रफीत विक्रीस मांडली. तक्रार आल्यानंतर ती काढण्यात आली, तरी डिसेंबरमध्ये कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना अटक झाली. त्यांच्याविरुद्धची कारवाई २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मधल्या काळात माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन ऑक्टोबर २००९ पासून कलम ७९ नव्या रूपात लागू झाले. योग्य दक्षता घेणाऱ्या मध्यस्थाला इतरांच्या मजकुराबद्दल त्यामुळे संरक्षण मिळते. दुसऱ्याच्या अपराधासाठी मध्यस्थाला तुरुंगात टाकणे अन्यायाचे खरेच, परंतु अशा संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक सौद्यावर दलाली घेणारा मध्यस्थ तक्रारीच्या वेळी मात्र “आम्ही फक्त जागा देणारे” म्हणून बाजूला होऊ शकतो.

आज हा पहारा बहुतांशी यंत्राच्या स्वाधीन आहे. एखाद्या शब्दावरून, छायाचित्रावरून किंवा तक्रारींच्या संख्येवरून यंत्र वस्तू उतरवते, खाते गोठवते, पैसे रोखून धरते. लबाड विक्रेता दुसऱ्या दिवशी नव्या नावाने खाते उघडतो. ज्याने दहा वर्षे एकाच नावाने प्रामाणिक व्यवहार केला, त्याची मात्र सारी कमाई त्या एका खात्यात अडकलेली असते. त्याने अर्ज केला, तर ठरावीक मजकुराचे उत्तर येते आणि विचारलेल्या प्रश्नाचा त्यात उल्लेखही नसतो. पेढीवर अन्याय झाला तर बाजार समितीकडे, व्यापारी संघाकडे किंवा पंचांकडे दाद मागता येते. येथे समोर माणूसच नाही, ही विक्रेत्याची खरी व्यथा आहे. चोराला रोखण्याइतकेच सज्जनाला ऐकून घेणे हेही पहारेकऱ्याचे कर्तव्य होय.

मधला विश्वासू हात

परक्या माणसांत व्यवहार घडवण्याची युक्ती व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे. हुंडी ही त्यांपैकीच एक. परदेशी व्यापारात आज बँकेचे साखपत्र हेच काम करते. निर्यातदार आयातदाराला ओळखत नाही, पण त्याच्या बँकेचा शब्द तो मानतो. माल चढवल्याची कागदपत्रे अटींप्रमाणे सादर झाली की पैसे मिळतात. तरीही बँक कागदपत्रे तपासते, माल तपासत नाही. खोक्यात दगड भरून कागद चोख करणाऱ्यापुढे साखपत्रही लंगडे पडते, म्हणून सावध आयातदार स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला मागतो.

ईबेच्या भारतीय शाखेने ‘पैसापे’ नावाची व्यवस्था ठेवली होती. ग्राहकाचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता मध्ये थांबत. ही शाखा पुढे फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. तरी पैसे मध्ये ठेवण्याचे तत्त्व योग्यच होते. ज्या लिलावात ही सोय नाही, तेथे आगाऊ रक्कम पाठवणे म्हणजे तारणाविना कर्ज देणेच होय.

थकीत कर्जदारांच्या मालमत्तांचे बँका ‘सरफेसी’ कायद्याखाली जे ऑनलाइन लिलाव करतात, त्यांत खोट्या बोलीला आळा बसण्याचे कारण याच विचारात आहे. तेथे राखीव किंमत जाहीर असते आणि बोली लावण्यापूर्वीच इसारा भरावा लागतो. यशस्वी खरेदीदाराला त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम पुरी करावी लागते आणि उर्वरित रक्कम सामान्यतः विक्रीस मंजुरी मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी लागते. रक्कम बुडाली तर इसारा जप्त होतो. म्हणून गंमत म्हणून कोणी बोली लावीत नाही. परंतु मालमत्ता ‘आहे तेथे, आहे त्या स्थितीत’ विकली जाते. गाळा प्रत्यक्ष पाहणे, ताबा कोणाकडे आहे ते विचारणे, सोसायटीची आणि पालिकेची थकबाकी तपासणे आणि दस्तांचा शोध घेणे ही जबाबदारी खरेदीदाराचीच राहते.

घ्यावयाची दक्षता

कायद्याने ग्राहकाला काही हत्यारे दिली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे. ग्राहकाचा वेष घेऊन स्वतःच्या मालाचे गुणगान करण्यास विक्रेत्याला मनाई आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये एक मानकही प्रसिद्ध केले. मात्र एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. दुकानासाठी लिलावात घेतलेला माल बनावट निघाला, तर त्याला दिवाणी किंवा फौजदारी मार्ग धरावा लागतो.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याची टक्केवारी न पाहता त्याचे प्रतिकूल शेरे वाचावेत आणि तो तशाच मालाचा किती काळ व्यापार करीत आहे, हे पाहावे. कमाल मर्यादा आधी ठरवावी आणि बोलीच्या भरात ती ओलांडू नये. संकेतस्थळाबाहेर, ‘थेट पैसे पाठवा, स्वस्त देतो’ या आमिषाला बळी पडू नये. विक्रेत्याने मालातील दोष छायाचित्रासह लिहावेत, माल बांधतानाचे आणि ग्राहकाने तो उघडतानाचे चित्रण ठेवावे. जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीत ‘पैसे पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा’ असे सांगणारा ग्राहक हा ग्राहक नव्हे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे वाटेत अडवण्याची संधी आरंभीच्या काही तासांतच असते. मालाविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या साऱ्या प्रकारांना यंत्रयुगाने नवी नावे दिली, पण दोष जुनेच आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटे दस्त करणे म्हणजे कूटलेखक्रिया आहे, दुसऱ्याची ठेव गिळणे म्हणजे न्यासापहार आहे, खोटी मापे आहेत आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहारही आहे. बनावट अभिप्राय, अडकवून ठेवलेली रक्कम, फुगवलेले वर्णन आणि नकली माल यांना याहून नेमके शब्द सापडणे कठीण आहे. संकेतस्थळाचा पहारा चुकेल, यंत्राला खरे-खोटे कळणार नाही, कायदा उशिरा पोहोचेल. मोडका लेसर पॉइंटर मोडका म्हणूनच विकला गेला, हा त्या बाजारातील पहिल्या दिवसांचा धडा मात्र विक्रेत्याला आजही कोणाच्या परवानगीशिवाय पाळता येतो. टोपणनावाने पेढी चालवतानाही जो आपल्या खऱ्या नावाला शोभेल असाच माल पाठवतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.